मिस्त्रींनी बुजवलेल्या भेगा

मिस्त्री त्या घरात राहायला आले तेव्हा दाराशी पोचायला तीन पायऱ्या चढाव्या लागत. दर चार-पाच वर्षांनी कुणीतरी येऊन रस्त्यावर डांबराचा नवा थर चढवून जाई. जुना खरवडायची तसदी कुणी घेत नसे. रस्ता वाढत्या वयाच्या मुलासारखा नकळत उंच होत राही. आधी एक पायरी गेली, मग दुसरी. तिसरी गेली त्या वर्षी मिस्त्रींच्या मुलीचं लग्न होतं, त्यामुळे तिकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. पुढे पावसाचं पाणी घरात शिरायला लागलं तेव्हा मिस्त्रींनी उंबऱ्याबाहेर वीतभर उंचीचा सिमेंटचा बांध घातला. येणाऱ्याने बांध ओलांडायचा आणि घरात उतरायचं.

"घर खाली गेलेलं नाही, रस्ता वर आलाय," असं ते पाहुण्यांना सांगत.

"आतून बघणाऱ्याला दोन्ही सारखंच," असं त्यांची बायको पलंगावरून ऐकवी.

दोन वर्षांपूर्वी न्हाणीघरात घसरून तिचा खुबा मोडला होता. हाड जुळलं, पण पायात काही बळ आलं नाही. बसवलं तर बसे, उठवायचं तर दोन्हीकडून धरावं लागे. बाकी सगळं शाबूत होतं, जीभ तर पहिल्यापेक्षा जास्तच. तिचा पलंग पुढच्या खोलीत, रस्त्याकडच्या भिंतीला लावून खिडकीखाली ठेवला होता. माणसांचे पाय दिसतात, तेवढीच करमणूक, असं ती म्हणे. चपलांवरून माणूस ओळखायला शिकली होती.

मिस्त्रींनी चाळीस वर्षं गिलाव्याचं काम केलं. हाताखालचे लोक त्यांना पाठीमागे 'आरसा' म्हणत. वाळू दोनदा चाळल्याशिवाय ते घमेल्याला हात लावू देत नसत, आणि रंधा फिरवून झाला की भिंतीला गाल लावून एका डोळ्याने तिची पातळी बघत. त्या भिंतीत चेहरा दिसायचा तेवढा बाकी राही. बोलायला मात्र गडी खरबरीत. थापी खाली ठेवून आता चार वर्षं झाली होती. गुडघे बोलायला लागले म्हणून ठेवली, हात अजून तयारच होते.

या खेपेला रस्त्यावर नुसता थर चढणार नव्हता. जुना रस्ता मुळापासून उकरून काँक्रीटचा करायचा होता, आणि त्याच्या पोटात माणूस उभा राहील एवढं मोठं गटार घालायचं होतं. जिन्याखाली पालिकेचा कागद चिकटवला गेला. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या शिक्षिकेने तो सगळ्यांना वाचून समजावला. इमारतीत सहा बिऱ्हाडं, पण सूचना शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारी ती एकटीच.

"काम दोन टप्प्यांत आहे," ती म्हणाली. "आधी वरवरचं खोदकाम, नळ वगैरे. मग आपल्या भिंतीच्या अगदी कडेने खोल खड्डा. पहिल्या टप्प्यात ज्या इमारतींना भेगा पडतील त्यांची यादी करणार. यादीत नाव आलं तर खोल खोदायच्या आधी लोखंडी टेकू लावून देणार, पायालाही आधार देणार."

"आणि नाव नाही आलं तर?" मिस्त्रींनी विचारलं.

"तर काही नाही. म्हणजे, इमारत मजबूत आहे असं समजून खोदणार."

मिस्त्रींनी मान हलवली. इमारत नुसत्या विटांवर उभी होती, तिच्यात ना खांब ना तुळया. पायाची खोली त्यांना ठाऊक होती. गटार त्याच्या दुप्पट खाली जाणार होतं. टेकू लागणारच, आणि यादीत नाव आलंच पाहिजे, हे कुणी वेगळं सांगायची गरज नव्हती.

काम सुरू झालं. एक माणूस येऊन भिंतींचे आधीचे फोटो काढून गेला. तेव्हा भिंती खरंच धडधाकट होत्या. मग निळे पत्रे उभे राहिले, डांबर उकरलं गेलं, दारापुढे चर पडला आणि घरात यायला एक फळी टाकली गेली. खिडकीतून आता पाय दिसत नव्हते, पत्रा दिसत होता. धूळ तांदळाच्या डब्यापर्यंत पोचली. रोलर जाई तेव्हा कपाटातले पेले एकमेकांना टेकून किणकिणत.

"चहा ढवळायचं काम तरी वाचलं," बायको म्हणे. "साखर घाला आणि रोलरची वाट बघा."

तिसऱ्या आठवड्यात खिडकीच्या कोपऱ्यातून एक भेग निघाली. सुरुवातीला केसाएवढी. तिरकी उतरत ती पलंगाकडे यायला लागली. बायकोने तिचं नाव 'पाहुणी' ठेवलं. "पाहुणी आज दोन बोटं पुढे आली," अशी ती रोज बातमी देई. मग पाहुणी उशीच्या उंचीला आली आणि बायकोने बातम्या देणं बंद केलं. दुपारची झोप गेली. रोलरचा आवाज लांबून आला की ती भिंतीकडे बघत पडून राही आणि मिस्त्री जवळ असले तर त्यांचं मनगट धरी. मोडलेल्या हाडाची माणसं हादऱ्याला किती भितात, ते त्या मनगटावर उठलेल्या नखांवरून कळत होतं.

भेगा बघणारे लोक काही आले नाहीत. पहिला महिना गेला, दुसरा गेला. 'लवकरच' असं कागदावर छापलेलं होतं, आणि कागद उन्हाने पिवळा पडत चालला होता.

एक दिवस मिस्त्रींनी माळ्यावरून थापी आणि रंधा काढला.

बायकोला दोन उशांना टेकवून पलंग मधे ओढला. छन्नीने भेगेच्या कडा मोकळ्या केल्या, ब्रशने धूळ काढली, पाणी मारलं. आत जाळीची बारीक पट्टी दाबून बसवली. वाळू दोनदा चाळून घेतली. गिलावा भरला, रंधा मारला, वर निरूचा, म्हणजे चुन्याचा, पातळ थर ओढून हात फिरवला आणि गाल लावून बघितलं. वाळल्यावर रंगाचा एक हात दिला. कुठे भेग होती ते आता त्यांचं त्यांनाही सापडलं नसतं.

"गेली?" बायकोने विचारलं.

"गेली."

त्या दुपारी ती दोन तास झोपली. रोलर दोनदा जाऊन आला तरी उठली नाही.

तिची झोप वरच्या मजल्यावर कळायला वेळ लागला नाही. दुसऱ्याच दिवशी शिक्षिका दीड वर्षाच्या मुलीला कडेवर घेऊन खाली आली. रात्रभर जागल्यासारखे डोळे. "काका, हिच्या बिछान्यावर बघा काय पडलं," म्हणत तिने मूठ उघडली. तीत गिलाव्याचे तीन-चार तुकडे होते. "हिच्या केसांत सापडले. मी हिला आता पदराखाली झाकून निजवते. झोपच लागत नाही मला. आमचीही बुजवाल का?"

मिस्त्री लगेच उठले. जिन्यात तीच थबकली. "पण काका, ते लोक भेगा बघायला येणार आहेत ना?"

"अडीच महिन्यांत कोण आलं? पोरीच्या डोळ्यात पडेपर्यंत थांबायचं का?"

आईला एवढं पुरे झालं. तिने आधी मोबाइलवर एक फोटो मात्र काढला. पुढे तो कामाला आला नाही, कारण त्यात भेगेपेक्षा पोरगीच जास्त होती.

मग दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त बसड्रायव्हरने बोलावलं. मग शिक्षिकेच्या समोरच्यांनी, आणि उरलेल्या दोन बिऱ्हाडांनीही. मग मिस्त्रींनी न सांगता जिनाही घेतला. तीन आठवडे चाललं ते काम. गुडघे कुरकुरत होते, पण माणूस शीळ घालत जिना चढत होता. घरोघरी चहा मिळत होता. "आरसा परत कामावर आला," असं ड्रायव्हर म्हणाला, तेव्हा मिस्त्रींनी ते नाव पहिल्यांदाच स्वतःच्या कानांनी ऐकलं आणि त्यांना ते आवडलंही. चांगला डॉक्टर ताप उतरवतो तसं त्यांनी अख्ख्या इमारतीचं अंग पुसून काढलं. रोग होता तिथेच राहिला.

आणि त्यानंतर पाचव्या दिवशी भेगा मोजणारे आले.

दोघं होती. पिवळं जाकीट घातलेली एक इंजिनिअर मुलगी, हातात टॅब, आणि तिच्याबरोबर एक वयस्क कारकून, काखेत कागद. पायात चिखलाचे बूट होते म्हणून मुलगी बांधाशीच थांबली. "येऊ का आत, आजोबा?" तिने विचारलं. चांगल्या घरची वाटली. बायकोने पलंगावरूनच तिला पाणी द्यायला सांगितलं.

मुलीने बॅटरी लावून रस्त्याकडची भिंत वरपासून खालपर्यंत पाहिली. मग हात फिरवला.

"किती सुरेख भिंत आहे हो. कोणी केली?"

"मीच," मिस्त्री म्हणाले. चाळीस वर्षांत कुठल्या इंजिनिअरने त्यांना असं विचारलं नव्हतं. "दोनदा चाळलेली वाळू आहे. वर निरू. गाल लावून बघा."

"अहो!" बायको पलंगावरून ओरडली. "भेग सांगा तिला, भेग!"

मिस्त्रींच्या डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडला. "हो, भेग होती. इथून निघून इथपर्यंत. खिडकीच्या कोपऱ्यातून."

"कुठे?"

"आत आहे. मी बुजवली. ही झोपत नव्हती म्हणून."

कारकून हसला. हसण्यात वाईटपणा नव्हता, नुसता थकवा होता. "आत तर सगळ्यांच्याच असतात, आजोबा."

"थट्टा नाही साहेब. काडी जाईल एवढी होती."

मुलीने टॅब त्यांच्यापुढे धरला. "मला पटतंय हो. पण इथे रुंदी टाकावी लागते, मिलिमीटरमध्ये. आणि मोजपट्टी लावून फोटो. आकडा टाकल्याशिवाय पुढचं पान उघडतच नाही."

"मग फोडून दाखवतो. थांबा." मिस्त्री छन्नी आणायला वळले.

"आमच्यादेखत नका फोडू," कारकून घाईने म्हणाला. "उद्या कुणी म्हणेल, यांनीच सांगितलं. आम्हाला अजून नऊ इमारती आहेत."

मुलीने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं, मग पलंगाकडे, आणि शून्य टाकलं. पुढचं पान उघडलं. वर शिक्षिकेकडे शून्य, तिच्या समोरच्यांकडे शून्य, ड्रायव्हरकडे शून्य, उरलेल्या दोन घरांत शून्य, जिन्यात शून्य. शिक्षिका तेव्हा शाळेत होती. तिच्या पोरीला सांभाळणाऱ्या बाईने दार उघडलं आणि भिंती बघायला आलेल्यांना भिंती दाखवल्या.

संध्याकाळी शिक्षिका घरी आली, ऐकलं, आणि जिन्याच्या पायरीवर बसून राहिली. "मला माहीत होतं," ती म्हणाली. "काका, मला माहीत होतं आणि मी तुम्हाला थांबवलं नाही."

"तू काय थांबवणार. मी थांबलो असतो का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रींनी छन्नी-हातोडा घेतला आणि आपल्याच कामाला भिडले. हलकं काम असतं तर टोला मारताच सुटलं असतं. हे सुटेना. जाळी विटेला धरून बसली होती. ती ओढली की विटेची कडही सुटून हातात येई. चार दिवस लागले सहा घरांना. प्रत्येक घावाला बायको डोळे मिटून घेत होती, पण थांबा म्हणाली नाही. शेवटी जे उघडं झालं ते बघून मिस्त्री मनातून गार पडले. मधोमध काडीएवढी खरी भेग, आणि तिच्या दोन्ही बाजूंना छन्नीने खाल्लेली हातभर भिंत. कुणीही बघितलं असतं तर म्हटलं असतं, कुणीतरी रागाने भिंत फोडली.

शिक्षिकेने मोजपट्टी लावून फोटो काढले, अर्ज लिहिला, सहाही घरांच्या सह्या घेतल्या. ती आणि मिस्त्री कचेरीत गेले. तिसऱ्या खिडकीवरच्या साहेबांनी फोटो एकेक करून शांतपणे बघितले.

"बाई, याच भिंतीचा मागच्या आठवड्यातला फोटो माझ्याकडे आहे. बघा. डाग नाही. आणि आज ही अशी. मी काय समजायचं?"

"ह्यांनी बुजवली होती म्हणून डाग नव्हता," शिक्षिका म्हणाली. "हे गिलाव्याचं काम करतात. चाळीस वर्षं केलंय."

"बुजवली हेही यांनी, फोडली हेही यांनी," साहेब म्हणाले. "रस्त्याने काय केलं, ते कुठे दिसतंय यात?"

मिस्त्री पुढे झाले. "साहेब, मी भेग पाडू शकत नाही. गिलावा करणारा माणूस भेग पाडत नाही. तुम्ही माझं काम बघा, मग..."

"तुमचं काम बघूनच तर शून्य आलं ना, काका." साहेबांचा आवाज चढला नव्हता. "माझ्या वडिलांचं घर असतं तरी मला हेच लिहावं लागलं असतं. अर्ज घेतो मी."

बारा दिवसांनी उत्तर आलं. शिक्षिकेने ते जिन्यात सगळ्यांसमोर वाचलं. भिंतींना झालेली इजा रहिवाशांनी स्वतः हत्याराने केल्याचं दिसून येतं. सदर इमारत यादीत घेता येत नाही. हरकत असल्यास दुसरा टप्पा पूर्ण झाल्यावर फेरतपासणीसाठी अर्ज करावा.

"दुसरा टप्पा म्हणजे तो खोल खड्डाच ना?" ड्रायव्हरने विचारलं.

"हो."

"म्हणजे खोदून झाल्यावर बघणार, खोदण्याआधी टेकू लावायचा का ते!" ड्रायव्हर मिस्त्रींकडे वळला. "वा, आरसा! दाखवलात ना साहेबांना आरसा. तोंड बघून गेले."

उघड्या दारातून बायकोचा आवाज आला. "तुमच्या बैठकीतली बुजवली तेव्हा दोनदा चहा पाजलात ओ भाऊजी. तेव्हा नाही सुचला हा विनोद?"

ड्रायव्हर वर निघून गेला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं मिस्त्रींच्या मनात आलं. पण हात नसता दाखवला तर ती दोन तास झोपली नसती, हेही लगेच मनात आलं. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. एकीने दुसरीला पुसता येत नव्हतं.

सोमवारी मोठं यंत्र आलं. आधी शिक्षिकेच्या समोरचं बिऱ्हाड गेलं, मग उरलेली दोन, मग ड्रायव्हरही भावाकडे गेला. शिक्षिकेने आठ दिवस तग धरला. एका सकाळी तिच्या मुलीच्या बिछान्याशेजारी अर्धी वीट पडली. मुलगी तेव्हा न्हाणीघरात होती, एवढंच. त्याच दुपारी शिक्षिका सामान बांधून आपल्या आईकडे निघाली. जाताना मिस्त्रींच्या बायकोच्या पलंगाशी बसली आणि हुंदके देऊन रडली.

"काकू, मला तुम्हाला असं सोडून..."

"वेडी आहेस का? पोर सांभाळ. आईने असंच वागायचं असतं. मी असते तर मागे वळूनही बघितलं नसतं."

मिस्त्रींची मुलगी रोज फोन करत होती. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला चौथ्या मजल्यावर राहत होती, घरात सासू-सासरे, दोन मुलं. तरी म्हणाली, "बाबा, आईला घेऊन या. जिन्यातून चौघं मिळून उचलू. आम्ही जमिनीवर झोपू. काहीतरी करू." मिस्त्री या वेळी नाही म्हणाले नाहीत. गाडीही सांगून ठेवली. मग बाहेर बघायला गेले.

फळी आता राहिली नव्हती. खड्डा दारापर्यंत रुंद झाला होता आणि भिंतीला चिकटून पायवाटेएवढी माती शिल्लक होती. एकट्या माणसाने पोट आत घेऊन, भिंतीला धरून जायचं. मिस्त्रींनी मुकादमाला गाठलं.

"माझी बायको चालू शकत नाही. खुर्चीत बसवून न्यायची आहे. दोन माणसं बाजूला लागतात."

मुकादमाने खड्ड्यात वाकून बघितलं, जणू उत्तर तिथे होतं. "इथून खुर्ची जायची नाही, बाबा. माती सुटतेय. गेलात तर तिघंही खाली जाल."

"मग पूल टाका की लोखंडी."

"टाकणार ना. पाईप बसला की टाकणार. चार दिवस."

"काम थांबवा मग चार दिवस."

"काम थांबलं तर पाईप कसा बसेल?" मुकादम म्हणाला. त्याच्याकडे यापलीकडे खरंच काही नव्हतं.

चार दिवसांचे नऊ झाले. मुलगी पत्र्यापलीकडे येई, मिस्त्री त्या मातीवरून जाऊन डबा घेत. मधे खड्डा. ती तिथून हात हलवी आणि आईला तो दिसत नसे, मग मिस्त्री आत येऊन सांगत, "हात केलाय तुला." बायको पलंगावरूनच हात हलवी.

भेग आता काडीने मोजायची राहिली नव्हती. मिस्त्री सकाळी तिच्यात थापीची धार घालून बघत. परवा टोक गेलं होतं, काल दोन बोटं. तिच्यातून बारीक वारा येई आणि धूळ उशीवर बसे. एका सकाळी त्यांना ते बघवेना. थोडी वाळू शिल्लक होती, सिमेंटही मूठभर होतं.

"बुजवू का?" त्यांनी विचारलं. "तात्पुरती. तेवढीच तुला झोप लागेल."

बायकोने उशीवरची धूळ हाताने झटकली.

"नको. दिसू दे. वाढली तर कळेल तरी. मागच्या वेळी मी झोपले, तेच चुकलं."

"तुझं काय चुकलं त्यात?"

"मीच विचारलं ना, गेली का म्हणून. तुम्ही गेली म्हणालात. मला माहीत होतं, अशा जात नसतात." ती किंचित हसली. "तरी झोपले हो. काय झोप लागली होती!"

त्यांनी पलंग ओढत ओढत मागच्या खोलीत, स्वयंपाकाच्या ओट्याशेजारी नेला. तिथे खिडकी नव्हती. मग एक स्टूल घेतलं आणि मधल्या भिंतीला पाठ टेकून बसले. भिंत हलली तर डोळ्यांआधी पाठीला कळतं. कळल्यावर काय करायचं, ते त्यांनी ठरवलेलं नव्हतं. तिला उचलायला दोन माणसं लागत, आणि ते एक होते.

यंत्र धडधडत होतं. ओट्यावरची झाकणं त्याच्याबरोबर धडधडत होती. मग एकाएकी सगळं थांबलं.

"जेवायला गेले वाटतं," बायको म्हणाली.

"हो."

"मग तुम्हीही खाऊन घ्या दोन घास. आणि मलाही द्या. अर्ध्या तासाने परत येतात ते."

मिस्त्रींनी डबा उघडला.